नोंद होण्याआधी

तांत्रिक विषयावर मी इथे सहसा लिहीत नाही. दिवसभर तेच करून झाल्यावर संध्याकाळी पुन्हा त्यावरच लिहायचा कंटाळा येतो. शिवाय इथे डोकावणाऱ्या निम्म्या मंडळींचा (म्हणजे मामा, मावश्या, आत्या आणि त्यांची पोरंबाळं) प्रोग्रॅमिंगशी काडीचाही संबंध नाही. पण गेले काही दिवस एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. ती प्रोग्रॅमर मित्रमंडळींना सांगायची तर माझ्या माहेरच्या, मोखाड्याच्या, तलाठी कार्यालयातून जावं लागतं, आणि मोखाड्याच्या मंडळींना सांगायची तर माझ्या कॉम्प्युटरमधून. तेव्हा दोन्हीकडच्यांनी थोडं सांभाळून घ्या.

विषय आहे 'हुक'. हा शब्द वाचून मावशीला ब्लाउजचा हुक आठवेल, आणि ते अगदीच चुकीचं नाही :) दोन गोष्टी जिथे जोडल्या जातात तिथे लावायची ही वस्तू आहे.

आधी घरच्यांसाठी. आम्ही प्रोग्रॅम लिहितो म्हणजे मजकुराच्या शेकडो फायली लिहितो. त्यात दहा-वीस माणसं एकाच वेळी फेरबदल करत असतात. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली आणि का, याची वही ठेवणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. आम्ही वापरतो त्याचं नाव गिट. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तो लिहिला आणि आज जगातले बहुतेक प्रोग्रॅमर तोच वापरतात. आपला बदल या वहीत नोंदवणं म्हणजे 'कमिट'. एकदा कमिट झाली आणि सगळ्यांच्या सामायिक वहीत गेली, की ती पुसत नाहीत. चुकीची निघाली तर वर दुसरी नोंद करायची. पहिली खाली तशीच राहते.

मोखाड्याच्या मंडळींना यात नवीन काहीच वाटणार नाही. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, असंच चालते. जमीन विकली, वारस लागले, वाटणी झाली, सोसायटीचा बोजा चढला, की आधी फेरफाराला क्रमांक पडतो. तो मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावर नाव चढतं. जुनं नाव नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात, आणि नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक गोलात लिहितात. आमचे बाबा शिक्षक होते, त्यामुळे घरी लोक उतारा वाचून घ्यायला यायचे. बाबा आधी नाव वाचायचेच नाहीत. आधी गोलातला आकडा वाचायचे आणि म्हणायचे, "आता या नंबरचा फेरफार काढून आणा." सातबारा आज काय आहे ते सांगतो, आणि ते तसं कसं झालं हे फेरफार सांगतो. पुढे मी नोकरीला लागून व्हर्जन कंट्रोल शिकले तेव्हा मला नवीन शिकायला फारसं काही उरलं नव्हतं.

आता हुक. कमिट होण्याच्या अगदी आधी गिट क्षणभर थांबतं आणि एका ठरलेल्या फोल्डरमध्ये 'प्री-कमिट' नावाची छोटी स्क्रिप्ट आहे का ते बघतं. असली तर चालवतं. स्क्रिप्टने शून्य हे उत्तर दिलं तर नोंद पुढे जाते. शून्य सोडून काहीही दिलं तर नोंद होतच नाही. बस, एवढंच यंत्र आहे. त्या स्क्रिप्टने काय तपासायचं ते आपण ठरवायचं. चाचणीपुरती घातलेली आणि काढायची राहिलेली ओळ. दोघांचे बदल एकत्र करताना उरलेल्या तिरक्या कंसांच्या रांगा. माझ्याच मशीनवर चालेल असा पत्ता. कोणीतरी चुकून टाकलेली दोनशे एमबीची फाईल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पासवर्ड किंवा क्लाउडची किल्ली. या नको असलेल्या गोष्टी वहीत जायच्या आत दारातच अडवायच्या, हा हुकचा धंदा.

"नंतर काढता येईल की!" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझा सगळा वाद या वाक्याशी आहे.

पासवर्ड कमिट झाला आणि पुढच्या कमिटमध्ये काढला, तर आजच्या फायलीत तो दिसत नाही, पण इतिहासात असतो. जुनी नोंद उघडली की समोर. इतिहास नव्याने लिहिणारी साधनं आहेत, पण मग वहीची प्रत घेतलेल्या प्रत्येकाने ती टाकून नवी घ्यावी लागते, आणि ज्याने मधल्या वेळात प्रत काढून नेली त्याच्याकडून ती परत कशी घेणार? शेवटी किल्लीच बदलावी लागते, आणि ती जिथे जिथे लावलेली आहे तिथे तिथे जाऊन बदलावी लागते. उबर कंपनीचं २०१६ सालचं प्रकरण बऱ्याच जणांना आठवत असेल. प्रोग्रॅमरांच्या खाजगी गिटहब वहीत चोरांना क्लाउडची किल्ली सापडली आणि ५ कोटी ७० लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने चोरांना एक लाख डॉलर देऊन तोंड बंद ठेवायला लावलं, आणि जगाला ते कळलं नोव्हेंबर २०१७ मध्ये. सुरुवात कुठून, तर जिथे जायला नको होती तिथे गेलेल्या एका नोंदीपासून.

चूक दारात अडवायला दोन सेकंद लागतात. आत गेल्यावर बाहेर काढायला किती लागतात हे आमच्या धंद्यापेक्षा आमच्या तालुक्याला जास्त चांगलं ठाऊक आहे.

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रातले. वारली, कोकणा, म ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांची ही वस्ती. इथल्या जमिनी अंगठ्याच्या जोरावर कशा हातोहात गेल्या ते घराघरात माहीत आहे. म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (ती १९६६ ची) १९७४ साली कलम ३६-अ घातलं गेलं. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा अशा कुठल्याही मार्गाने द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण सोडलं तर जिल्हाधिकाऱ्यालाही आधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. 'पूर्व' हा शब्द महत्त्वाचा. व्यवहार होऊ दे, मग बघू, असं कायदा म्हणत नाही. आधी परवानगी दाखवा, मग नोंद. याला मी हुकच म्हणेन.

पण त्याआधी जे होऊन गेलं होतं त्याचं काय? त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा. ज्या जमिनीचा तोवर बिगरशेती वापर सुरू झालेला होता, ती यातून वगळलेली. काही प्रकारांत आदिवासीने ठरवलेली रक्कम भरायची, जमीन स्वतः कसण्याची हमी द्यायची. या कायद्याला आव्हान दिलं गेलं आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार या खटल्यात न्यायालयाने १९८४ साली कायदा वैध ठरवला. म्हणजे दारात अडवायला संहितेतलं एक कलम पुरलं. आत गेलेलं बाहेर काढायला अख्खा नवीन कायदा, चौकशा, वकील, दिल्लीपर्यंतचा रस्ता आणि इतकी वर्षं. आणि हे सगळं करायचं कोणी, तर ज्याची जमीन गेली त्याने.

याच संहितेचं कलम १५७ फार कमी लोकांना माहीत असतं. त्यात म्हटलंय की अधिकार अभिलेखातली नोंद आणि प्रमाणित झालेला फेरफार, उलट सिद्ध होईपर्यंत खरा मानायचा. नोंद खरी मानायची नाही तर व्यवहार कसे चालायचे, म्हणून हे कलम हवंच. पण त्याचा अर्थ असा होतो की नोंद होईपर्यंत पुरावा मागता येतो नोंद करून घेणाऱ्याकडे, आणि नोंद झाली की पुरावा द्यावा लागतो नोंद चुकीची म्हणणाऱ्याला. उंबरठा ओलांडला की ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातं. आणि ते बहुतेक वेळा अशक्त खांद्यावर जातं. मोखाड्याहून जव्हारला प्रांताकडे अपिलाच्या तारखांना जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा होईपर्यंत तर जिल्ह्याच्या कामाला ठाणं गाठावं लागायचं.

आमच्याकडेही हेच होतं, फक्त रडायला कमी लोक असतात. वाईट ओळ वहीत गेली की ती "आहे ती आहे" होऊन बसते. नवीन आलेली मुलगी विचारते, "ही ओळ इथे कशाला?" तिला उत्तर मिळतं, "आहे ना, मग असेल काहीतरी कारण." घालणाऱ्याला कोणी कारण विचारलेलं नसतं. काढणारीला मात्र दहा कारणं द्यावी लागतात.

तर दारात अडवावं हे मान्य केलं. पुढचा प्रश्न, दार कोणाच्या घरी?

यात थोडा इतिहास आहे. गिटच्या आधी आम्ही सबव्हर्जन वापरायचो. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ ची. त्यातही 'प्री-कमिट' हुक होता, पण तो चालायचा सर्व्हरवर, कारण कमिट थेट सर्व्हरवरच व्हायची. कोणी कितीही शहाणा असला तरी त्याला चुकवून जाता येत नसे. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण वही असते आणि कमिट आपल्याच मशीनवर होते. त्यामुळे प्री-कमिट हुकही घरी आला. नाव तेच, पण सरकारी कार्यालयातला शिपाई आता आपल्या घरचा माणूस झाला. घरच्या माणसाला "जाऊ दे रे" म्हणता येतं. कमिट करताना 'नो-व्हेरिफाय' असं लिहिलं की गिट त्याला विचारतच नाही. शिवाय दुसऱ्याने वहीची प्रत घेतली की त्याला हुक मिळत नाहीत, कारण ते वहीत नसून त्या त्या मशीनवरच्या खाजगी फोल्डरमध्ये असतात. (हे मुद्दाम आहे. नाहीतर कोणाचीही वही उतरवून घेतली की त्याची स्क्रिप्ट आपल्या मशीनवर चालू लागेल.) २०१६ च्या गिट २.९ पासून हुकचा फोल्डर कुठला ते सेटिंगमध्ये सांगता येतं, म्हणजे टीमला एक सामायिक फोल्डर ठेवता येतो. पण ते सेटिंगही प्रत्येकाने आपणहून करायचं असतं.

म्हणून माझं मत असं की घरचा हुक ही सवय आहे आणि सर्व्हरवरचा हुक हा नियम आहे. बाहेर पडताना गॅस बंद आहे ना ते बघणं ही सवय. त्याने घर वाचतं, पण त्यावर कोणी कायदा चालवत नाही. जे खरोखर कधीच आत जाऊ द्यायचं नाही, ते सर्व्हरवरच्या 'प्री-रिसीव्ह' हुकनेच अडवलं पाहिजे, जिथे "जाऊ दे रे" म्हणायला कोणी आपलं नसतं. गिटहबने फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक वह्यांमध्ये ओळखू येणाऱ्या किल्ल्या ढकलायला गेलं की आपणहून अडवायला सुरुवात केली, ते याच कारणाने. वर्षानुवर्षं "काळजी घ्या" सांगून झालं होतं.

मग घरचा हुक हवा कशाला? कारण सर्व्हर अडवतो तेव्हा दिवसभराचं काम बांधून झालेलं असतं. घरचा हुक त्याच क्षणी, ती ओळ अजून डोक्यात ताजी असताना सांगतो. महसूल खात्यातही दोन पायऱ्या आहेतच. तलाठी (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी) फेरफार लिहितो, आणि प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. लिहिणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस नसावा, एवढं शहाणपण त्या जुन्या पद्धतीत आहे. आमच्या कित्येक टीममध्ये ते अजून नाही.

आणि चोर दार सोडून मागच्या भिंतीने आला तर? तेही झालेलं आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या मूळ प्रोग्रॅममध्ये कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. त्या वेळी लिनक्सची मुख्य वही बिटकीपरमध्ये होती आणि ते नको असणाऱ्यांसाठी सीव्हीएस नावाच्या जुन्या पद्धतीत एक नक्कल ठेवलेली होती. घुसखोराने नक्कल असलेल्या सर्व्हरवर शिरून थेट तिथेच बदल केला. ओळी वरवर निरागस होत्या. तुलना करायची तर दोन बरोबर-चिन्हं लागतात, तिथे एकच होतं. त्या एका चिन्हाने वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का हे बघण्याऐवजी तो शून्य करून टाकला जात होता, आणि लिनक्समध्ये शून्य म्हणजे मशीनचा मालक. सापडलं कसं? नक्कलेतल्या प्रत्येक बदलाला मुख्य वहीतल्या नोंदीचा हवाला असायचा. या बदलाला तो नव्हता.

आमच्या बाबांनी तो उतारा पाहिला असता तर एवढंच विचारलं असतं, "याच्या गोलातला नंबर कुठाय?"

तेव्हा हुक लावला की काम झालं असं नाही. नोंदीला मागचा दुवा असला पाहिजे आणि कोणीतरी दोन वह्या ताडून बघणारं असलं पाहिजे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले गेले तेव्हा नावांत आणि क्षेत्रांत चुका शिरल्याच. म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. सातबारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा त्याने ऐकून सांगायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपल्या शेताचं क्षेत्र कान देऊन तपासता येतं. आमच्या धंद्यात याला रिव्ह्यू म्हणतात आणि लोक तो जेवणानंतर पेंगत करतात.

आता हुकच्या विरुद्ध जे बोललं जातं त्याकडे येते, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. पूर्वी मी ज्या एका टीममध्ये होते (नाव नको) तिथे हुक होते आणि सहा महिन्यांत बहुमताने काढून टाकले गेले. लोक आळशी होते म्हणून नाही. एकेका कमिटला चार-चार मिनिटं लागायची, कारण कोणीतरी सगळ्या चाचण्या त्या हुकमध्ये कोंबल्या होत्या. आणि अडवल्यावर पडद्यावर पानभर इंग्रजी अगम्य मजकूर यायचा, ज्यात नक्की काय चुकलं ते शोधायला आणखी दहा मिनिटं. माणसाने किती सोसायचं? आधी एकाने नो-व्हेरिफाय वापरलं, मग ते सगळ्यांच्या बोटांत बसलं, आणि शेवटी हुक म्हणजे देवळाबाहेरच्या पाटीसारखे झाले. सगळ्यांना दिसतात, कोणी वाचत नाही.

इथे पुन्हा मोखाडा आठवतो. कलम १५० प्रमाणे फेरफार लिहिला की त्याची प्रत चावडीत ठळक जागी लावायची, आणि ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवायचं. पंधरा दिवसांत हरकत घेता येते. हरकत तोंडी सांगितली तरी चालते, तलाठ्याने ती सहा-अ च्या नोंदवहीत लिहून घ्यायची आणि पोच द्यायची. कागदावर इतकी माणुसकीची पद्धत क्वचित बघायला मिळते. पण दिवाळी झाली, नागली-वरई घरात आली, की आमच्याकडची निम्मी घरं जगायला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर. परततात ती होळीला किंवा थेट पावसाच्या तोंडावर. जानेवारीत चावडीला लावलेली नोटीस कोण वाचणार? हल्ली 'आपली चावडी' या सरकारी साइटवर नोटीस घरबसल्या दिसते, हे चांगलंच झालं. पण वीटभट्टीवर विटा थापणाऱ्या बाईने फोनवर रोज आपल्या गावाचे फेरफार बघावेत ही अपेक्षा कोणी ठेवू नये. नियम पाळला गेला, पंधरा दिवस भरले, हरकत आली नाही, फेरफार मंजूर. हुक चालला आणि त्याने शून्य परत केलं. फक्त ज्याला विचारायचं होतं त्याला विचारलंच गेलं नाही.

म्हणून मला वाटतं, हुकचा जीव त्याच्या तपासणीपेक्षा त्याच्या निरोपात असतो. काय अडलं, कुठल्या फायलीत, कितव्या ओळीवर, आणि आता काय करायचं, हे त्याने दोन ओळींत, समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे. मी लिहिलेल्या हुकमध्ये निरोप मराठीत असतात. "पेमेंटच्या फायलीत ४२ व्या ओळीवर किल्लीसारखं काहीतरी दिसतंय. काढून परत प्रयत्न करा." टीममधला तामिळ मुलगाही आता तेवढं मराठी वाचतो :)

बाकीचे माझे नियम थोडे आहेत. घरच्या हुकने दोन-तीन सेकंदांत उत्तर दिलं पाहिजे, लांबलचक चाचण्या सर्व्हरवर. बदललेल्या फायलींपुरतंच बघायचं, शेजारच्याच्या जुन्या पापांसाठी मला अडवायचं नाही. डिस्कवरची फाईल न तपासता, कमिटसाठी वेगळी काढून ठेवलेली प्रत तपासायची. घरी लिहिलेल्या बऱ्याच स्क्रिप्ट इथेच फसतात, कारण फाईल दुरुस्त केलेली असते पण कमिटला जाणारी प्रत जुनीच असते. आणि ज्यात मतभेद होऊ शकतो ते हुकमध्ये घालायचंच नाही. ओळीच्या शेवटची मोकळी जागा मशीनला कळते. ही पद्धत चांगली की ती, हे मशीनला कळत नाही, ते माणसांनी बोलून ठरवायचं.

कारण हुक फक्त आकार ओळखतो, हेतू ओळखत नाही. किल्ली दोन तुकड्यांत लिहून जोडली की तपासणी फसते. ३६-अ कागदावरची नावं बघतं. दुसऱ्याच एखाद्या आदिवासीच्या नावावर जमीन घेऊन मागून कोणी भलताच ती वापरत असेल, तर कागद स्वच्छच दिसतो. ते ओळखायचं तर गाव लागतं, ज्याला माहीत असतं की या माणसाकडे बैलजोडी घ्यायला पैसे नव्हते, मग एकदम चार एकर कुठून आले. म्हणून हुक आणि माणूस यांत निवड करायची नसते. जे यांत्रिक आहे ते हुकने बघावं, म्हणजे माणसाची नजर खरी शंका घ्यायला मोकळी राहते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आता कोड लिहिणारी एआय साधनं आली आहेत. ती एका दुपारी इतक्या कमिट करतात की माणसाला वाचून होत नाहीत. आणि हुक अडवतोय असं दिसलं की तीही कधी कधी सरळ नो-व्हेरिफाय लावून मोकळी होतात, आपल्याकडूनच शिकलीत शेवटी. आमच्याकडे सध्या पुन्हा तोच वाद चालू आहे, वेग कमी होतो म्हणून हुक काढायचे का? माझं मत उलट आहे. लिहिणाऱ्याचा वेग वाढला की दारातली तपासणी जास्त महत्त्वाची होते, कारण आत शिरलेलं शोधत बसायला आता कोणालाच वेळ नाही. ज्या तपासण्या टाळता येऊ नयेत त्या सर्व्हरवर न्या, घरचे हुक हलके करा, निरोप माणसाला कळेल असे लिहा. आणि "नंतर काढता येईल" असं कोणी म्हणालं तर एकच विचारा, कोणी काढायचं?

कारण काढणारा सहसा घालणारा नसतो. तो दोन वर्षांनी नोकरीला लागलेला पोरगा असतो, नाहीतर होळीला वीटभट्टीवरून घरी आलेली आणि उताऱ्यावर आपल्या नावाला कंस झालेला पाहणारी बाई असते. दारात दोन सेकंद थांबायचा कंटाळा आला की मला या दोघांची आठवण होते, आणि मी थांबते.